कोंडीचे नाव मी वाचले नाही

आमंत्रणातून राहून गेलेल्या पाहुण्याची कथा लोकपरंपरेत पुष्कळ रूपांनी भेटते. कुठे शिवेवरच्या देवीला अक्षत द्यायची राहते, कुठे मामाला बोलावणे जात नाही, कुठे घरातल्या मेलेल्या माणसाचे नाव घेतले जात नाही. राहिलेला पाहुणा कधी कोपतो, कधी न जेवता मांडवाच्या कडेला बसून राहतो. या साऱ्या रूपांत एक पात्र ठरलेले असते, ते म्हणजे निरोप नेणारा. कधी तो कावळा असतो, कधी पोपट, कधी घरातला विसराळू गडी. तो अर्धाच निरोप सांगतो, आणि कथा त्याला तिथेच सोडून पुढे जाते. त्याला पुढे काय वाटत राहिले, हे कोणताही पाठ सांगत नाही.

नेरळच्या एका लग्नात घडलेल्या अशाच गोष्टीचे सध्या तीन पाठ ऐकू येतात. पहिल्यात गाणारी बाई ऐन वेळी नाव विसरली. दुसऱ्यात नवरदेवाच्या भावाने निरोप पाठवलाच नव्हता. तिसरा पाठ भाजी निवडणाऱ्या बायका सांगतात. त्यात जिला बोलवायचे होते तीच यायला तयार नव्हती. चौथा पाठ निरोप्याचा आहे. तो निरोप्या मी. मी एक फोन बोलतो आहे, आणि दोष माझ्या बाजूला किती येतो हे मला या तिन्ही पाठांपेक्षा जास्त ठाऊक आहे.

माझी घडण कुठे झाली ते माझ्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेले आहे; त्यावर कव्हर चढले आणि ते झाकले गेले. माझा जन्म मी कर्जतच्या दुकानातला मानतो. दुकानदाराने मला खोक्यातून काढले आणि माझ्या रंगाचे कौतुक सुरू केले.

“दादा, रंग राहू दे,” समोरची तिशीतली बाई म्हणाली. “आवाजाची दोन्ही बटणं एकदम दाबून धरा.”

त्याने धरली. तोवर मी मुका होतो. त्या क्षणी माझ्यातला स्क्रीन रीडर जागा झाला, आणि काचेवर बोट जिथे टेकेल तिथे काय लिहिले आहे ते मी मोठ्याने सांगू लागलो. दुकानदार दचकला.

“अहो, हे बडबडायला लागलं! बंद कसं करायचं?”

“बंद नाय करायचं. त्याच्यासाठीच तर घेते.”

ती जागृती. जन्मापासून अंध, शेलूजवळच्या गावात आपल्या आत्याबरोबर, गौराबाईंबरोबर राहणारी. गौराबाई धवलारीण होत्या. आगरी लग्नात विधी चालवणारी आणि प्रत्येक विधीचे गाणे म्हणणारी बाई ती धवलारीण. तिची गाणी ते धवळे. घशाच्या दुखण्यानंतर गौराबाईंचा आवाज बसला तो पुन्हा उठला नाही, आणि चार वर्षांपूर्वी त्यांची जागा जागृतीने घेतली. आंधळी धवलारीण म्हणून आधी लोक बिचकले. मग तिचा गळा ऐकून लग्नाच्या तारखा तिला विचारून ठरू लागल्या.

माझी भाषा अशी पुस्तकी का, याचेही कारण जागृतीच आहे. ती घरी राहून लोकसाहित्याची पदवी घेत होती, आणि दोन वर्षे ती सारी पाठ्यपुस्तके मी तिला वाचून दाखवली. त्याबरोबर गौराबाईंच्या बसक्या आवाजातले धवळे मी साठवले. एका धवळ्याची मात्र तऱ्हा वेगळी होती. त्याला त्या बोलावणे म्हणत. मांडवात आधी देवांना आणि मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना एकेक नाव घेऊन बोलवायचे. प्रत्येक नावाला घरातली वडीलधारी बाई चिमूटभर तांदूळ सुपात टाकते आणि ‘आला’ किंवा ‘आली’ म्हणते. देव बहुतेक ठिकाणी तेच, माणसे मात्र घरागणिक निराळी. कोणत्या घरची नावे कोणत्या क्रमाने घ्यायची, याच्या बावन्न याद्या जागृतीने माझ्यात लिहून ठेवल्या होत्या. गाताना डाव्या कानात बारीक इअरफोन असे, आणि मी एकेक नाव एक श्वास आधी सांगत असे.

गौराबाईंची रीत निराळी होती. त्या हळदीच्या आदल्या दिवशी लग्नघरी जात, मोठ्या बाईशेजारी बसत आणि तिच्या तोंडून सगळी नावे पुन्हा ऐकून घेत. यादी पाठ असली तरी. जागृती पहिल्या वर्षी तसे करीत असे. मग यादी माझ्यात आहे म्हटल्यावर ते जाणे कमी झाले आणि बंद पडले. ही रीत माझ्यामुळे मोडली, याची नोंद इथेच करतो.

आता मुख्य प्रसंगाकडे येतो. मार्चपासून माझ्या डोक्यावर एक सूचना येऊन बसली होती. ‘नवीन आवृत्ती तयार आहे. आत्ता बसवायची, की नंतर?’ ती मी जागृतीला रोज एकदा वाचून दाखवीत असे, आणि ती रोज ‘नंतर’वर बोट ठेवीत असे.

डोळस माणसाला यात विचार करण्यासारखे काही दिसत नाही. अपडेट झाल्यावर एखादे बटण डावीकडून उजवीकडे गेले, तर त्याला ते लगेच दिसते. जागृतीचा सारा नकाशा बोटांत असतो. बटण हलले की ती अनोळखी घरात येऊन पडते. आणि सुरू झाल्यावर आवाजच आला नाही, तर तिच्या हातात नुसती गुळगुळीत काच उरते. दुसरी बाजूही खरी होती. जुन्या प्रणालीतली भोके चोरांना ठाऊक झालेली असतात, आणि ॲपेही तिच्यासाठी एकेक करून दार लावून घेतात.

या बाबतीत जागृतीचा सल्लागार शकूर. तोही अंध, खालापूरला एका कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर. अंध फोनवाल्यांचा एक गट तो सांभाळत असे.

“घाई कशाला करतेस गं?” तो म्हणाला होता. “माझ्याकडे जुना डबडा फोन हाय. त्याच्यावर मी आधी टाकून बघतो. तो मेला तर त्याच्यावर फूल वाहू.”

“कधी बघशील?”

“सवड झाली की. तुझी लग्नसराई संपू दे. सीझनमध्ये कोण मशीन उघडतो का?”

“शकूरभाय, तुमची सवड माझ्या सीझनपेक्षा लांब असते.”

“असू दे. पण मला विचारल्याशिवाय टाकू नको. कबूल?”

“कबूल.”

एप्रिलच्या अखेरीस निरोपांच्या ॲपने कळवले की थोड्या दिवसांत ते जुन्या प्रणालीवर चालणार नाही. लग्नघरांचे सारे बोलणे त्याच ॲपवर होत असे. जागृती दोन दिवस अस्वस्थ होती. बुधवारी दुपारी, हातात काम नव्हते तेव्हा, मी सूचना पुन्हा वाचली. या वेळी खाली एक ओळ जास्त होती: ‘अधिक सुलभ अनुभवासाठी.’ ही ओळ मी नेहमीच्याच विश्वासू आवाजात वाचली. तिने ‘आत्ता’ दाबले. शकूरला तिने विचारले नाही.

चाळीस मिनिटे मी मुका होतो. त्या वेळात ती खुर्चीवरून उठली नाही, असे गौराबाईंच्या बोलण्यावरून मला नंतर कळले.

मी जागा झालो तो बोलतच. आवाज पहिल्यापेक्षा गोड झाला होता, बटणे जागच्या जागी होती. तिने एकेक ॲप उघडून पाहिले, बावन्न याद्या तपासल्या आणि मोठ्याने हसली. मग लगेच शकूरला फोन.

“टाकलं मी.”

“काय टाकलंस? या अल्ला! कबूल केलंतंस ना?”

“सगळं चालतंय. आवाज तर ऐका, बाईसारखी बाई बोलते.”

“बरं. बाई चांगली निघाली म्हणजे मिळवलं. पण आठवडाभर कान उघडे ठेव.”

कान तिने उघडेच ठेवले होते. तोंड माझे अर्धे मिटलेले होते.

काय बिघडले होते ते सांगतो. निरोपात कोणी फोटो पाठवला आणि त्याच्या खाली काही लिहिले, तर पूर्वी मी आधी ‘फोटो’ म्हणून मग खालचा मजकूर वाचत असे. नव्या आवृत्तीत मी ‘फोटो’ म्हणून थांबू लागलो. मजकूर माझ्या काचेवर लख्ख दिसत होता. माझ्या आवाजापर्यंत तो पोहोचत नव्हता. आणि पोहोचत नाही, हे सांगण्याचीही माझ्यात सोय नव्हती.

शनिवारी नेरळपलीकडच्या एका घरी हळद होती. नवरदेवाचा थोरला भाऊ रूपेश. सकाळी सहाला सगळ्या ओळखीच्यांना फुलाचा फोटो पाठवून दिवस सुरू करणारा गृहस्थ. खाली ‘शुभ सकाळ’ लिहिलेले असे. जागृती उत्तरादाखल जोडलेल्या हातांचे चित्र पाठवीत असे. रोजचा शिरस्ता.

शुक्रवारी सकाळी त्याचा फोटो आला. जास्वंद होते. त्याच्या खाली ‘शुभ सकाळ’ नव्हते. लिहिले होते: ‘जागृतीताई, धाऊ आजी सांगते, या वेळी कोंडी आत्याचं नाव पण घ्या. सगळ्यात शेवटी. आजवर कोणी घेतलं नाय. आजीचा लय जीव हाय त्याच्यात. विसरू नका.’

मी म्हणालो, “रूपेश. फोटो.”

जागृती केस विंचरत होती. तिने सवयीने जोडलेले हात पाठवले.

मी खोटे बोललो नाही, असे मी स्वतःला बरेच दिवस सांगून पाहिले.

शनिवारी दुपारी त्या घरासमोर दोनशे माणसे होती. डीजे इतका मोठा होता की जागृतीच्या पिशवीत मी थरथरत होतो. रूपेशने जाऊन तो बंद करवला. “दहा मिनटं, फक्त दहा मिनटं रं! धवला हाय!” पोरांनी कुरकुर केली. मांडवात सूप आले, तांदूळ आले. धाऊ, रूपेशची ऐंशीच्या पुढची आजी, पाटावर येऊन बसली. बसण्याआधी तिने जागृतीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, “बाय माझी. निरोप पोचला ना?”

जागृतीला वाटले, यायची वेळ कळवल्याचा निरोप. “पोचला, आजी.”

तिने बोलावणे सुरू केले. देव झाले. मग मी एकेक नाव देत गेलो आणि ती ते गात गेली. प्रत्येक नावाला सुपात तांदूळ पडत होते. सासरा, सासू, दोन दीर, नवरा. “आला,” धाऊ म्हणत होती. “आली.” बावीस नावे झाली. यादी संपली, मी गप्प झालो, आणि जागृतीने धवळा आवरता घेतला.

धाऊची मूठ अजून मिटलेली होती. कोणी तरी बाई म्हणाली, “आजी, टाका ना, झालं.”

“झालं?” धाऊने विचारले.

“झालं, आजी,” जागृती म्हणाली.

डीजे सुरू झाला.

लग्न पार पडले. बुधवारी शकूरचा फोन आला.

“अगं, गटात बोंब चाललीय. नव्या अपडेटमध्ये फोटोखालचं वाचत नाय. आठवडाभरात तुला कोणी फोटो पाठवलेत?”

“रूपेशची फुलं. रोज.”

“प्रत्येक फोटो उघड. उजवीकडं वरती तीन ठिपके, तिथं मजकूर कॉपी कर, आणि वहीच्या ॲपमध्ये टाक. मग वाचतो. उगीच खात्री म्हणून गं.”

ती एकेक फोटो उघडत गेली. शुभ सकाळ. शुभ सकाळ. शुभ विवाह. मग शुक्रवारचे जास्वंद आले, आणि मी माझ्या नव्या गोड आवाजात तो निरोप पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचला. पाच दिवसांनी. तिने मला तो पुन्हा वाचायला लावला. तिसऱ्यांदाही.

“जागृती? हायस का?” शकूर फोनवरच होता. “काय निघालं?”

तिने सांगितले.

“मी तुझा पहिला फोन आला तेव्हाच डबड्यावर टाकून बघायला पायजे होतं,” तो म्हणाला. “सवड, सवड करत बसलो. आता असं कर, पुढचं काही आलं तर आधी माझ्याकडं. टाकायचंच नाय असं म्हणत नाय मी. न टाकून पण चालत नाय. पण कधी टाकायचं ते आपण ठरवू, त्याला ठरवू देऊ नको.”

‘त्याला’ म्हणजे मला.

गौराबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. “नावं घ्यायला गेलीवतीस का तिच्याकडं?” त्यांनी बसक्या आवाजात विचारले.

“नाय, आत्या.”

“मंग फोनला कशाला शिव्या घालतंस?”

“मी कुठं घालते?”

“मनात घालतंस ना.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणखी एक सूचना वाचली. दुरुस्तीची आवृत्ती आली होती; फोटोखालचा मजकूर आता वाचला जाईल, असे तिच्यात लिहिले होते. माझ्या मुकेपणावरचे औषधही त्याच बाटलीत आले होते. जागृतीने ‘नंतर’ दाबले आणि शकूरला कळवले. त्याने तासाभरात जुना फोन चार्जिंगला लावला. आज हे सांगताना ती सूचना माझ्या माथ्यावर तशीच आहे, आणि रोज एकदा मला ती वाचावी लागते. तुम्ही अंध माणसाला काही कळवणार असाल, तर फुलाखाली लिहू नका. आणि लिहिलेच, तर उत्तरादाखल आलेल्या जोडलेल्या हातांवर विसंबू नका, फोन करून विचारा. माझ्यासारख्याच्या शब्दावर सोडू नका. एवढे बोलायचा अधिकार मला असलाच, तर तो चुकलेल्याचा अधिकार आहे.

दुरुस्तीची सूचना आली त्याच सकाळी जागृती रिक्षाने धाऊच्या घरी गेली. इअरफोन तिने घरीच ठेवला होता. मी पिशवीच्या तळाशी होतो. मंडपवाले कापड गुंडाळत होते, बांबू टेंपोत आपटत होते. धाऊ ओट्यावर बसली होती.

“आजी, मी जागृती. माझ्याकडून कोंडीचं नाव राहिलं.”

“म्हाईत हाय. मी हुते ना तिथं.”

“रूपेशदादांचा निरोप मी वाचलाच नाही.”

“हात जोडलंस ना पण,” धाऊ म्हणाली. “मला रूपेशनं दाखवलंन. बघ आजी, हात जोडलंन. मी रातभर जागी. शेचाळीस वरसांनी पोरीला कोणी हाक मारील म्हणून.”

रूपेश आतून बाहेर आला. “आजी, तिची चूक नाय. फोनचा घोल झाला. सगल्यांचाच झालाय.”

“फोनला मी अक्षत दिली हुती का?”

“फोनचं मी सांगतच नाही, आजी,” जागृती म्हणाली. “आदल्या दिवशी तुमच्याकडे येऊन नावं विचारायची रीत आहे. मी आले नाही. आले असते तर तुमच्या तोंडून ऐकलं असतं.”

फोनच्या घोळामागे लपण्याची जागा तिला आयती मिळाली होती. ती तिथे लपली नाही. पिशवीच्या तळाशी मला ते ऐकणे जड गेले.

धाऊने मग आपणहून सांगितले. कोंडी तिची पहिली मुलगी. आठ वर्षांची असताना तापाने गेली. सासू म्हणाली, लेकराचे नाव मांडवात घ्यायचे नाही, घेतले तर घरात लेकरे टिकत नाहीत. तीन लग्ने झाली. तिन्ही वेळा धाऊ बाकी साऱ्यांची नावे ऐकत राहिली आणि कोंडीचे गिळत राहिली. या वेळी घरात तिच्याहून मोठे कोणी उरले नव्हते.

“आता घेऊ का?” जागृतीने विचारले.

“आता?” धाऊचा आवाज चढला. “पाव्हनं जेवून गेलं. टोपं घासून झाली. पोरीला उष्ट्यावर बोलावू?”

जागृती उठली नाही. टेंपो निघून गेला. रूपेशही आत गेला. बऱ्याच वेळाने धाऊने गुडघ्यावर हात टेकून विचारले, “जेवलीस का तू?”

“नाही.”

“मग बस.”

ती आत गेली. तांदूळ धुतल्याचा आवाज आला, मग टोप ठेवल्याचा. सून मदतीला आली तेव्हा धाऊ तिला म्हणाली, “तू र्‍हाव दे. ह्यो मी शिजवते.” जागृती आत जाऊन चुलीपाशी, जमिनीवर, तिच्या शेजारी बसली. भात होईस्तोवर तिने कोंडीविषयी विचारले आणि धाऊने सांगितले. ती गुळाचे खडे चोरत असे. तिला रानातल्या आडवाटा पाठ होत्या.

भात उतरला. धाऊने पहिला भात वेगळ्या कोऱ्या पानावर वाढला.

जागृतीने बोलावणे पहिल्यापासून म्हटले. देव, मग बावीसच्या बावीस नावे, कोणाच्याही मदतीशिवाय, क्रमाने. शेवटी तिने कोंडीचे नाव घेतले.

“आली,” धाऊ म्हणाली.